तिसऱ्या कपापर्यंत उठायचं नाही

नांदेड,
१४ ऑक्टोबर २००२

मिने,

हातात चहा असेल तर आधी खाली ठेव. मला विमानात बसायचं बोलावणं आलंय.

हेल्गाबाई आठवते ना? भूकंपाच्या वेळी किल्लारीकडच्या छावणीत आपण दोघी महिनाभर होतो, तेव्हाची ती मदत-संस्थेतली उंच जर्मन बाई. मी नांदेडहून कढई आणि फुटाण्यांची पोती घेऊन आले होते, तू लातूरहून शाळेची रजा टाकून. सगळी छावणी चहा पीत होती, हिला मात्र कॉफी पाहिजे. मग मी अब्बांनी दिलेल्या कॉफीच्या कच्च्या बिया फुटाण्याच्या गरम वाळूत भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि उकळून दिल्या. "वाळूत? वाळूत?" असं तिनं दोनदा विचारलं आणि पातेलं रिकामं केलं.

त्या बाईनं आता तिच्या गावात कॉफी भाजायचं छोटं दुकान टाकलंय. तिच्यासारखे छोटे छोटे भाजणारे मिळून दरवर्षी परदेशातल्या एखाद्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीला भेटायला जातात. मधे दलाल नाही. समोरासमोर बसायचं, पिकवणाऱ्याला काय पडतं ते ऐकायचं, मग भाव. जानेवारीत इथिओपियाला चाललेत. "माझ्या ओळखीची पहिली भाजणारी तू," असं लिहून मला बोलावलंय. तिकीट त्यांचं.

तिच्या पत्रासोबत पुडीत पावशेर कच्च्या बिया होत्या. अब्बांनी चष्मा कपाळावर सारून त्या वाळूत टाकल्या. साठ वर्षं जुन्या मोंढ्यापाशी भट्टीवर बसलेला माणूस, तुला माहीतच आहे, डोळ्यांनी नाही, कानांनी भाजतो. बिया तडकायला लागल्या तसे म्हणाले, "बेटी, ये तो मोगरा है." मग झारा फिरवत राहिले. मला वाटलं, आता जाऊ नको म्हणतील. तर म्हणाले, "जा. पण भाव करताना तोंड उघडू नको. तुझं तोंड लई चालतं."

आता खरी गोष्ट. नांदेडात लोक अजून मला विचारतात, कॉफी म्हणजे आजारी माणसाला देतात ती का? माझी सगळी कॉफी खपते ती तुझ्या लातूरच्या पुढच्या खोलीतून, त्या क्लासच्या पोरापोरींना. चिकमंगळूरची रोजची आहेच, पण ही मोगऱ्याची दोन पोती आणायची तर तुझ्या जिवावर. तू हो म्हण, तरच जाते.

तुझी,
सबिहा

लातूर,
१९ ऑक्टोबर २००२

सबे,

हो. हो. हो. आणखी एकदा हो, कारण पहिले तीन वाचून तू म्हणशील, हिनं विचार न करता लिहिलं.

पुढच्या खोलीची काळजी करू नकोस. पहाटे साडेचारला पहिली मोटारसायकल येते. पाचला फिजिक्सची बॅच. दोनशे कप सहज जातात. वर राहणारी वैष्णवी, हदगावची, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसतेय, ती तर म्हणते, "मावशी, ह्या खोलीला मी माझ्या पहिल्या पगारातून पंखा लावीन." मी म्हटलं, आधी पास हो.

शाळेतून निवृत्ती घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आता माझ्याकडे कुणी बघणारं राहिलं नाही. आता पहाटे दार उघडते तर वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडे बघत उभी असतात. झोपाळू का असेनात, पण माझ्याकडेच.

आमचे हे खूश आहेत. म्हणजे मला तसं वाटतं. वसंतरावांचा चेहरा तुला माहीत आहे, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली आणि कुणालाच नाही म्हटलं नाही. दुधवाल्याला सुद्धा नाही म्हणता येत नाही म्हणून आमच्याकडे रोज अर्धा लिटर जास्त येतं.

शिवम्माला तुझं पत्र वाचून दाखवलं. छावणीतून माझ्याबरोबर आली ती नऊ वर्षं इथंच आहे, खोलीचं निम्मं काम तिचं. हेल्गाबाईचं नाव ऐकून तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. चौऱ्याण्णव साली त्या बाईनं शिवम्माच्या गावातल्या बायकांकडून चाळीस गोधड्या घेतल्या होत्या, फोटो काढले होते, दरवर्षी येऊ म्हणाली होती. शिवम्मानं पुढच्या वर्षासाठी बारा शिवून ठेवल्या. कुणी आलं नाही. त्यातल्या दोन आमच्या घरात आहेत, बाकीच्या तिच्या पेटीत.

मला वाटलं, शिवम्मा चिडेल. चिडली नाही. एवढंच म्हणाली, "सबिहाअक्काला लिवा. येतो म्हनलं तर ये म्हनावं. न्हाईतर येतो म्हनू नको."

तेवढं लक्षात ठेव. बाकी स्वेटर ने.

तुझी,
सौदामिनी

नांदेड,
३० डिसेंबर २००२

मिने,

पासपोर्ट आला. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "कॉफी आणायला परदेशात? स्टेशनवर मिळत न्हाई का?" त्याला वाटीभर खारे फुटाणे दिले, त्यानं सही केली.

ईद झाल्यापासून अब्बांनी माझी शाळा घेणं सुरू केलंय. रोज संध्याकाळी मला समोर बसवतात, दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि खालून बोटं दाबतात. मोंढ्यात धान्याचा नि लोह्याच्या बाजारात गुरांचा भाव असाच होतो ना. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, आणि कापडाखाली बोटांनी खरा आकडा. शेजारच्याला पत्ता लागायला नको. एक बोट दाबलं की काय, मूठ धरली की काय, सगळं पाठ करून घेतलं. माझं चुकलं की कपाळाला हात लावतात. "तिथल्या लोकांना ही बोटं कळतील का?" म्हटलं, तर म्हणाले, "बोटं सगळ्यांना पाचच असतात."

आठ तारखेला निघते. सोबत दोन किलो फुटाणे, तिखट, आणि अब्बांचं उपरणं. स्वेटरही.

सबिहा

लातूर,
२ जानेवारी २००३
(लिहिलं, पाठवलं नाही.)

सबे,

काल सकाळी हे फिरायला गेले आणि पुढची खोली देऊन आले.

भीमाशंकर सर तुला माहीत आहेत, आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचे क्लास आहेत ते. त्यांना जूनपासून प्रवेशाचं ऑफिस करायला रस्त्यावरची खोली हवी होती. पटांगणात चालता चालता विचारलं, यांनी हो म्हटलं. हात मिळवला. घरी येऊन चपला काढता काढता मला सांगितलं, "जूनपासून तुला पहाटे उठायला नको." जणू काही माझ्यासाठी साडी आणली होती.

मी त्यांच्या चपला कोपऱ्यात लावल्या. दूध उतू गेलं ते पुसलं. सबे, मी बावीस वर्षं वर्गात ओरडले, पण घरात माझा आवाज मला कधी नीट सापडलाच नाही. ते वाईट माणूस नाहीत म्हणून तर जास्त अवघड.

तू जाऊ नकोस असं लिहायला बसले होते. खोलीच नाही तर दोन पोती आणून विकणार कुठं? पण तू उपरणं घेऊन निघालीस, आणि हे पत्र तुला निघायच्या आधी मिळालं तर तू जाणार नाहीस, हे मला नक्की माहीत आहे.

म्हणून हे माझ्याकडेच.

लातूर,
३ जानेवारी २००३

सबे,

सगळं ठीक. पुढच्या खोलीला रंग द्यायचं चाललंय, त्या गडबडीत आहे. तू निर्धास्त जा. फुटाणे विमानात उघडू नकोस, शेजारचे मागतील.

तुझी,
सौदामिनी

जिम्मा गावापासून दोन तासांवर,
१३ जानेवारी २००३

मिने,

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. रंग हिरवा दे, बाई. इथलं बघून सांगते.

मी पोचले, जिवंत आहे आणि फार खाऊन राहिलेय. लाल माती, मोठमोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झाडं, पत्र्याची घरं. सोसायटीची अध्यक्ष एक बाई आहे, फातुमा. आपल्याच वयाची, माझ्याहून आडवी आणि आवाज आमच्या मोंढ्यातल्या हमालासारखा. इथल्या पुष्कळ बायका मुसलमानच आहेत. मी सलाम केला तर सगळ्याजणी एकदम उत्तर द्यायला लागल्या. त्यांची भाषा मला येत नाही, एक शिक्षिका त्यांचं इंग्रजीत सांगते, आणि माझं इंग्रजी तुला माहीत आहे. तरी सगळं कळतं.

पहिल्याच दिवशी घरात नेलं. जमिनीवर ताजं हिरवं गवत अंथरलेलं, कोपऱ्यात निखाऱ्यावर लोबान. क्षणभर वाटलं, गुरुवारी दर्ग्यात आलेय. मग समोर टोपली ठेवली. त्यात काय असेल सांग? भाजलेले जव आणि हरभरे! मिने, फुटाणे! चार हजार किलोमीटर उडत येऊन मी फुटाणे खाल्ले. बरे होते. भट्टी जरा कमी तापलेली होती. मी माझी पिशवी सोडली, त्यांनी आपले खाल्ले, आणि फातुमा शिक्षिकेला काहीतरी म्हणाली. शिक्षिका म्हणाली, "त्या विचारतात, तुम्ही पाहुण्या आहात की माहेरी आलात?"

कॉफी तिथंच कच्ची भाजतात, कुटतात, मातीच्या चंबूत उकळतात. तीनदा. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी. पहिला कप कडक, दुसरा मवाळ. दोन झाल्यावर मी आपल्या रिवाजानं "बस, बस" करत उठले. फातुमानं माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. तिसऱ्या कपाच्या आधी कुणी उठत नाही. तिसऱ्याला ते "बरका" म्हणतात. बरकतीचा कप. हा शब्द मला कुणी समजावून सांगायला लागला नाही. पहिल्या कपात पाहुणा असतो, दुसऱ्यात इकडच्या तिकडच्या गप्पा. खरं बोलणं तिसऱ्यात निघतं. मी बघितलंय.

काल आमच्या सगळ्यांच्या भाजण्याची परीक्षा होती. दोन जर्मन, एक जपानी, हेल्गाबाई आणि मी. जपानी भाऊ छोटं मशीन, थर्मामीटर आणि मिनिटं मोजायचं घड्याळ घेऊन आलेला. नेमकी वीज गेली. मी म्हटलं, ओढ्यातली वाळू मिळेल का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाळू धुतली, तापवली, बिया टाकल्या, झाऱ्यानं हलवलं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पण बिया तडकायला लागल्या तशा गप्प झाल्या. त्या पण कानांनीच भाजतात, मिने. फातुमानं चव घेतली आणि म्हणाली, "तुझ्या वाळूला माझ्या तव्याइतकी अक्कल आहे." जपानी भाऊनं वाळूचा फोटो काढला.

आता माझी फजिती ऐक. आज झाडाखाली बैठक. सोसायटीचे साठ जण, बायका-पुरुष, गोल बसलेले. एकेक जण उठून मोठ्यानं सांगतो: माझी झाडं इतकी, मजुरी इतकी, गेल्या वर्षी व्यापाऱ्यानं इतकं दिलं, म्हणून मी तेवढी झाडं तोडली. सगळ्यांसमोर. कुणी कुणाला लाजत नाही. माझी पाळी आली. मला काही सुचलं नाही. मी सरळ फातुमापाशी गेले, अब्बांचं उपरणं दोघींच्या हातांवर टाकलं आणि खालून तिची बोटं दाबली.

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या! फातुमा हाताकडे बघतेय, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही मला लाच देणारी समजली. तिनं दुसऱ्या हातानं उपरणं उचललं, घडी केली, माझ्या खांद्यावर ठेवलं. मग माझा हात तसाच धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तिच्या त्या हमाली आवाजात बोलली. शिक्षिका म्हणाली, "त्या म्हणतात, इथं भावाला कपडे घालत नाहीत."

सगळं झाड हसलं. मी पण.

मग फातुमानं भावाचं विचारलंच नाही. भाव सगळ्यांना एकच, तो कागदावर ठरला. तिनं विचारलं, "तुम्ही लोक एकदा येता, फोटो काढता. पुन्हा किती वर्षं येणार?" बाकीचे म्हणाले, सध्या एक वर्षाचं लिहू. मला शिवम्माच्या पेटीतल्या गोधड्या दिसल्या. मी म्हटलं, "चार वर्षं. दरवर्षी दोन पोती. आणि दरवर्षी आमच्यातलं कुणीतरी इथं येऊन तीन कप पिणार." चार का, मला माहीत नाही. एक म्हणायची लाज वाटली, दहा म्हणायची भीती.

साठ माणसांसमोर म्हटलंय, मिने. तुझ्या पुढच्या खोलीच्या जिवावर.

संध्याकाळी हेल्गाबाईला गोधड्यांचं विचारलं. ती लालच झाली. म्हणाली, संस्थेचं ते काम बंद पडलं, कळवायचं राहिलं. मग कळवायची लाज वाटायला लागली, आणि जितके दिवस गेले तितकी जास्त वाटत गेली. मी तिला फुटाणे दिले.

चोवीसला नांदेडात.

सबिहा

लातूर,
२७ जानेवारी २००३

सबे,

तुझं पत्र आज आलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "तुझ्या पुढच्या खोलीच्या जिवावर" इथं येऊन थांबले.

खोलीला रंग नव्हता चालला. मी तुझ्याशी खोटं बोलले. सोबत दोन तारखेचं पत्र जोडते, ते वाच, मग मला हवं ते म्हण. मला वाटलं होतं, तू परत येशील तोपर्यंत मी काहीतरी मार्ग काढीन. काढला नाही. रोज पहाटे दार उघडते, मुलांना कप देते आणि जूनपर्यंतचे महिने मोजते.

भीमाशंकर सर परवा टेप घेऊन आले होते. खोली मोजली. यांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

सौदामिनी

नांदेड,
३० जानेवारी २००३

सौदामिनी वसंतराव बाई यांस,

आज तुला मिने म्हणणार नाही.

खोटं बोललीस त्याचा राग नाही. नववीत माझा डबा खाऊन मांजरीचं नाव घेतलंस, तेव्हापासून सवय आहे. राग ह्याचा की तू दाजींना काही विचारलंच नाहीस! दाजींनी कापडाखाली हात मिळवला, आणि तू पण कापडाखालीच रडून राहिलीस. दोघं एका घरात राहता की मोंढ्यात?

अब्बांना सगळं सांगितलं. भट्टीवरून उठलेच नाहीत. म्हणाले, "मी साठ वर्षं कापडाखाली भाव केला. का माहितीय? शेजारच्याला कळू नये म्हणून. घरात शेजारचा कोण असतो?"

ऐक. पार्सल पाठवतेय. दोन किलो कच्च्या बिया, लोबान, फातुमानं दिलेला चंबू (फोडू नको) आणि फुटाणे. येत्या रविवारी अंगणात बसव सगळ्यांना. दाजी, भीमाशंकर सर, शिवम्मा, पोरी. गवत पसर. नसेल तर कडबा पसर. सगळ्यांसमोर भाज, आणि तिसऱ्या कपापर्यंत कुणाला उठू देऊ नको. एकेकानं मोठ्यानं सांगायचं, मला ही खोली कशाला पाहिजे. तू पण सांगायचं. वर्गात बोलायचीस त्या आवाजात.

मग खोली गेली तर गेली. मी फातुमाला स्वतः लिहीन की माझ्यानं झालं नाही. पण लाजून नऊ वर्षं गप्प बसणार नाही.

सबिहा

लातूर,
११ फेब्रुवारी २००३

सबे,

चंबू शाबूत आहे. आधी तेच लिहिते, नाहीतर पुढचं तू धड वाचणार नाहीस.

कडबा नको म्हटलं, म्हैस समजून कुणी वैरण टाकायचं. वैष्णवी आणि मुलींनी कॅनॉलकडून हिरवं गवत आणलं. हे म्हणाले, "कुणाचं काय आहे?" मी म्हटलं, "बैठक आहे. तुम्ही पण आहात."

भीमाशंकर सर घड्याळ बघतच आले. "मॅडम, दहा मिनिटं. साडेनऊला माझी टेस्ट आहे." मी बिया वाळूत टाकल्या. त्यांना वाटलं, ह्या आता कपात ओततील. भाजायला वीस मिनिटं, कुटायला दहा, उकळायला किती ते विचारूच नकोस. शिवम्मा झाऱ्यानं हलवत होती. सर दोनदा उठले. दोन्ही वेळा शिवम्मा म्हणाली, "बसा सर. अजून सुरुच झालं न्हाई." सगळं लातूर ज्यांना घाबरतं ते सर गवतावर मांडी घालून बसले.

पहिल्या कपाला सगळे गुळगुळीत बोलले. सर म्हणाले, फारच सुवासिक. दुसऱ्या कपाला सरांनी सांगितलं की प्रवेशाच्या दिवसांत पालक रस्त्यावर उन्हात उभे राहतात, बायाबापड्या लांबून एसटीनं येतात, त्यांना बसायला जागा हवी म्हणून खोली. सबे, मला हे माहीतच नव्हतं. मी त्यांना मनात किती दिवस काय काय म्हणत होते! मग वैष्णवी उभी राहिली. मान खाली, पण आवाज मोठा. "सर, रागावू नका. पण तुमच्या पाचच्या बॅचमध्ये जे जागे असतात ना, ते इथून आलेले असतात." मुली फिसकन हसल्या. सरांनी कपाकडे बघितलं. "आणि बाकीचे?" "बाकीचे डोळे उघडे ठेवून झोपतात, सर."

तिसरा कप मी ओतला. लोबानचा धूर यांच्याकडे जात होता, ते डोळे पुसत होते. मला वाटलं, धुरानं. मी वर्गातला आवाज काढायला गेले, तो निघालाच नाही. साधाच निघाला. म्हटलं, "मला ही खोली पाहिजे. तिकडे दूरदेशी साठ माणसांना माझ्या मैत्रिणीनं शब्द दिलाय, ते एक. पण तो दिला नसता तरी मला पाहिजे होती. पहाटे दार उघडल्यावर कुणीतरी माझी वाट बघत असतं, म्हणून."

हे बराच वेळ कप फिरवत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं तू दमतेस. साडेतीनला उठतेस. संध्याकाळी तुझे पाय सुजलेले मी रोज बघतो. तू तर कधी म्हणायची नाहीस. म्हणून मीच..."

मी म्हटलं, "दमते ना. लई दमते. पण मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, हे दमणं मला आवडतं."

बावीस वर्षं मास्तरीण होते, पण "लई" म्हणाले बघ सगळ्यांसमोर.

मग आमच्या ह्यांनी आयुष्यातलं पहिलं नाही म्हटलं. सरांकडे वळून, हात जोडून. "सर, पुढची खोली नाही जमणार. मी हिला न विचारता बोललो, ती माझी चूक." आणि लगेच, सवयीनं, "पण मागची घ्या!" मागची म्हणजे कुठली? ह्यांची! ती पाटबंधाऱ्याच्या जुन्या फायलींची, जिथं मला झाडायलाही परवानगी नव्हती. तिला गल्लीतून वेगळं दार आहे. सर उठून बघून आले आणि म्हणाले, पालकांना सावलीत बसता येईल, उलट बरंच आहे. फक्त एक अट घातली: बसलेल्या पालकांना कॉफी पुढून जायची.

फायली आता जिन्याखाली आहेत. हे रोज एक उघडून बघतात आणि रद्दीत टाकतात. मागच्या खोलीचं भाडं आल्यावर माझ्या हाताखाली पहाटेला आणखी एक बाई ठेवायची असं त्यांनी ठरवलं. ठरवायच्या आधी मला विचारलं. दोनदा.

साडेनऊची टेस्ट अकराला झाली. मुलं तुला दुवा देतायत.

आता मला मिने म्हण.

सौदामिनी

नांदेड,
१८ फेब्रुवारी २००३

मिने, मिने, मिने.

अब्बांना पत्र वाचून दाखवलं. "मागची घ्या" ह्यावर इतके हसले की झारा वाळूत पडला. दाजींना माझा सलाम सांग आणि म्हणावं, दुधवाल्यापासून सुरुवात करा.

फातुमाला पत्र टाकलं. हेल्गाबाईलाही टाकलं, त्यात एक ओळ शिवम्माची घातलीय, तिनं सांगितलेली तश्शी.

सबिहा

लातूर,
२ ऑक्टोबर २००३

सबे,

परवा भूकंपाला दहा वर्षं झाली. शिवम्मा दरवर्षीसारखी गावाकडे जाऊन आली. दरवर्षी आली की दोन दिवस बोलत नाही. या वर्षी दुसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाली, "फोटुवाला किती वाजता उघडतो?"

तुझी दोन पोती ऑगस्टमध्ये आली, तेव्हापासून खोलीत मोगरा आहे. मुलं ह्या कॉफीला "फातुमा" म्हणतात. "मावशी, एक फातुमा, साखर कमी." वैष्णवी मेडिकलला लागली, औरंगाबादला गेली. जाताना पंखा नाही, पण दारावर पाटी रंगवून गेली: चार रकाने, चार वर्षांचे. पहिल्यावर बरोबरची खूण. बाकी तीन मोकळे. येणारा जाणारा विचारतो, हे काय? मग सांगावं लागतं. आता साठ नाही, सगळ्या लातूरसमोर बोललेलं झालंय.

हेल्गाबाईचं पत्र तू पाठवलंस ते शिवम्माला वाचून दाखवलं. दुसऱ्या वर्षीचं तिकीट तिच्याकडून आहे, नऊ वर्षं उशिरा, आणि ते शिवम्माच्या नावानं काढायचं, हे मी दोनदा वाचलं. शिवम्मा म्हणाली, "बाई, नाव नीट बघा. तुमचं असंल." मग पेटी उघडली. बारातल्या दोन आमच्याकडे, बाकीच्या दहा उन्हात टाकल्या. एक फातुमाला न्यायची काढून ठेवलीय, लाल काठाची. बाकीच्या नऊ हेल्गाबाईच्या लोकांना दाखवणार आहे. भाव मोठ्यानं सांगणार म्हणते.

पासपोर्टच्या फोटोसाठी फोटोवाल्याकडे मी सोबत गेले. तो म्हणाला, "मावशी, जरा हसा." शिवम्मा म्हणाली, "कामाला चाललेय बाबा, लग्नाला न्हाई." फोटोत ती अशी बघतेय की विमानतळावर कुणी तिला अडवायची हिंमत करणार नाही.

येताना रिक्षात मी विचारलं, "शिवम्मा, भीती वाटते का?" ती बाहेर बघत होती. म्हणाली, "इमानाची वाटते. मानसांची कशाला?"

"भाषा येत नाही, तिथं बसून बोलशील काय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू बावीस वर्षं शिकवूनही मला काही कळलं नाही.

"बोलायचं काय त्यात, बाई? येतो म्हनलं हुतं, आलाव, म्हनायचं."

तुझी,
मिनी